बबल सॉर्ट एक लाखाच्या पुढे सुधारतो का?

आडगावनाका · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नाशिकातली, सातपूर-अंबडपासून गंगापूर रोडपर्यंतची बरीच कोडवाली मंडळी इथे असतात, म्हणून इथेच विचारतो.

सी मध्ये पाच सॉर्ट (आकडे चढत्या क्रमाने लावायच्या पद्धती) लिहिले. १०,००० रँडम आकड्यांचा ॲरे (यादी) भरला, मेनमधून पाचही फंक्शन्स खालच्या क्रमाने एकापाठोपाठ बोलावली आणि प्रत्येकात दोन घटकांची किती वेळा तुलना झाली ते एका इंट (पूर्णांक) काउंटरने मोजलं:

बबल – ४,९९,९५,०००
सिलेक्शन – ४,९९,९५,०००
इन्सर्शन – ९,९९९
मर्ज – ६४,६०८
क्विक, शेवटचा घटक पिव्हट (ज्याच्याशी ताडून बाकीचे दोन भागांत वाटतात तो) – ४,९९,९५,०००

मग एकटा बबल मोठ्या ॲरेवर चालवला:

५०,००० – १,२४,९९,७५,०००
१,००,००० – ७०,४९,८२,७०४

पाचही पुन्हा १ लाखाला चालवले, तर क्विकपाशी प्रोग्राम काही न बोलता बंद पडतो. विंडोज, जीसीसी.

माझे निष्कर्ष: इन्सर्शन सगळ्यात भारी, क्विक नावालाच क्विक, आणि बबल एक लाखाच्या पुढे सुधारतो. पुस्तकात तर सगळं उलटं लिहिलंय. चुकतंय कुठे?

मिसळ_कमी_तिखट · रात्री ९:५२

तिसरा निष्कर्ष फ्रेम करून लॅबमध्ये लावा. ह. घ्या.

निफाडची_थंडी · रात्री १०:१५

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नुसतं 'इन्सर्शन फास्ट वाटतो' लिहिलं असतं तर उद्या सकाळपर्यंत अंदाजच चालले असते.

९,९९९ बघा. दहा हजारात एक कमी. इन्सर्शन सॉर्टला इतक्या कमी तुलना एकाच वेळी लागतात, ॲरे आधीच लावलेला असतो तेव्हा. प्रत्येक घटक डावीकडच्या शेजाऱ्याला एकदा विचारतो, 'मी बरोबर जागी आहे ना?' आणि तिथेच थांबतो. बबलने ॲरे लावून दिला, सिलेक्शनला लावलेला मिळाला, इन्सर्शनलाही तोच. सिलेक्शनचं बिंग फुटलं नाही, कारण त्याला समोर काहीही ठेवा, तुलना n(n−१)/२ च (n म्हणजे घटकांची संख्या). तुमच्या बबललाही, कारण 'या फेरीत अदलाबदल झाली नाही, तर थांब' हा फ्लॅग तुम्ही ठेवलेला दिसत नाही.

क्विकचा आकडा बबलएवढाच, अगदी शेवटच्या शून्यापर्यंत. तोही योगायोग नव्हे. लावलेल्या ॲरेचा शेवटचा घटक म्हणजे सगळ्यात मोठा. तो पिव्हट धरला की एका बाजूला n−१ घटक आणि दुसरी बाजू रिकामी. मग n−२, n−३... बेरीज तीच, ४,९९,९५,०००.

मर्जचे ६४,६०८ सुद्धा लावलेल्या ॲरेचेच आहेत. डावा भाग पूर्ण संपतो आणि उजवा तुलना न करता तसाच चिकटवला जातो. रँडम ॲरेला हाच आकडा १,२०,००० च्या थोडा वर यायला हवा.

म्हणजे पाचांपैकी फक्त बबलची परीक्षा झाली. बाकीच्यांना उत्तरपत्रिका भरून मिळाली.

आडगावनाका · रात्री १०:३१

बाप रे. फंक्शनला ॲरे दिला की मूळ ॲरेच बदलतो, हे पाठ होतं. इथे आठवलं नाही. धन्स.

गोदाकाठ · रात्री ११:०५

निफाडकरांना अनुमोदन. आता मांडणी नीट करा, नाहीतर ही चूक काढाल आणि दुसरी शिरेल.

मूळ ॲरे एकदाच भरा आणि त्याला हात लावू नका. प्रत्येक सॉर्टच्या आधी त्याची कामाच्या ॲरेत कॉपी करा, घड्याळ सुरू करा, सॉर्ट करा, घड्याळ बंद करा. कॉपी आणि छपाई दोन्ही घड्याळाच्या बाहेर. मोजणीच्या आत प्रिंटएफ टाकलात तर तुम्ही काळ्या खिडकीचा वेग मोजताय, सॉर्टचा नाही.

ॲरे चार प्रकारचे घ्या: रँडम, लावलेला, उलटा लावलेला, आणि मोजक्याच किमती पुन्हा पुन्हा येणारा. चौथा बहुतेक जण गाळतात आणि खरी मजा तिथेच आहे.

प्रत्येक मोजणी पाच-सात वेळा करून सगळ्यात कमी वेळ धरा. सरासरी नको. मध्येच अँटीव्हायरस जागा झाला की सरासरी बिघडते, किमान वेळ सहसा टिकतो. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतात.

सॉर्टनंतर दोन तपासण्या करा. क्रम चढता आहे का, आणि आकडे तेच आहेत का. फक्त पहिली करून भागत नाही. सगळ्या ॲरेत शून्य भरणारं फंक्शनही त्यात पास होतं. लायब्ररीच्या सॉर्टने लावलेल्या कॉपीशी एकेक घटक ताडून पाहणं सगळ्यात सोपं.

कंपाइल −ओ२ ने (कोड वेगवान करणाऱ्या पर्यायाने) करा. पण मग सॉर्ट झालेल्या ॲरेचं पुढे काहीतरी वापरा, निदान बेरीज छापा. निकाल कुणी वापरतच नाही असं कंपायलरच्या लक्षात आलं, तर तो काम गाळू शकतो आणि वेळ शून्य दिसतो.

जुनी_टर्बो · मंगळवार, सकाळी ७:२०

वेळच मोजू नये, या मताचा मी आहे. बऱ्याच लॅबमध्ये अजून डॉसबॉक्समधली टर्बो सी ची निळी खिडकी आहे. तिथलं घड्याळ सेकंदाला १८.२ टिचक्या मारतं, म्हणजे ५५ मिलिसेकंदांपेक्षा लहान काही त्याला दिसतच नाही. ५०० आकड्यांचा कुठलाही सॉर्ट शून्य सेकंदात, आणि मुलं जर्नलमध्ये '०.००००००' असं सहा घरांपर्यंत लिहितात. तुलना मोजा. तो आकडा यंत्र बदललं तरी बदलत नाही.

मात्र तिथे इंट १६ बिटांचा असतो, हे विसरू नका. बबलच्या तुलना २५६ घटकांना ३२,६४० येतात आणि २५७ घटकांना उणे ३२,६४०.

मिसळ_कमी_तिखट · सकाळी ७:४१

उणे तुलना! म्हणजे सॉर्ट झालेला ॲरे परत विस्कटून देतो काय?

गोदाकाठ · सकाळी ८:१०

@जुनी_टर्बो, अर्धं पटलं. नुसत्या तुलनांवर निकाल लावलात तर मर्ज जिंकतो. १०,००० रँडम आकड्यांना मर्ज १,२०,००० च्या आसपास, आणि साधा क्विक सरासरी १,५६,००० च्या आसपास. तुलना करून लावायचं म्हटलं तर कुठल्याही पद्धतीला सरासरी १,१८,००० च्या खाली जाताच येत नाही, म्हणजे मर्ज जवळपास तळाला टेकलेला. तरीही साध्या इंट आकड्यांवर घड्याळ लावलं की बहुधा नीट लिहिलेला क्विक पुढे निघतो. तो जागच्या जागी हलवाहलव करतो आणि मेमरी सलग वाचत जातो. मर्जला दुसरा ॲरे लागतो, प्रत्येक पातळीवर सगळे घटक इकडून तिकडे न्यावे लागतात.

हीप सॉर्टचं तर याहून वाईट. तो ॲरेलाच झाडासारखा वापरतो. आय व्या घटकाची मुलं २आय+१ आणि २आय+२ ला. खाली जाताना प्रत्येक उडी दुप्पट लांब. कॅशची (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची) एक ओळ साधारण ६४ बाइटांची, म्हणजे १६ इंट. मोठ्या ॲरेत खालच्या प्रत्येक पातळीवर नवी ओळ आणावी लागते आणि आणलेल्या सोळापैकी एक-दोनच कामाला येतात. कागदावर n लॉग n, पण धावताना धाप लागते.

म्हणून दोन्ही मोजा. तुलना सांगतात गणित बरोबर आहे का, वेळ सांगते यंत्राला ते झेपतं का.

जुनी_टर्बो · सकाळी ८:२५

ठीक. दोन्ही. पण घड्याळावर विश्वास ठेवण्याआधी n दुप्पट करून बघा. १०,००० चे २०,००० केल्यावर वेळ चौपट झाली तर n वर्गवाला, सव्वादोनपटीच्या आत राहिली तर n लॉग n वाला. गणिताने २.१५ पट. यातलं काहीच दिसत नसेल, तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजताय.

पिंपळगावकर · सकाळी ११:३०

तुम्ही लोक तुलनाच का करत बसता? लासलगावला कांद्याची प्रतवारी बघा. चाळणीवरून माल सोडला की गोल्टी (बारीक कांदा) खाली पडते, मोठा पुढे जातो. एका कांद्याची दुसऱ्याशी कुणी तुलना करतं का? एका फेरीत काम खल्लास.

निफाडची_थंडी · दुपारी १२:०२

भाऊ, तुम्ही बकेट सॉर्ट सांगितलात. वर गोदाकाठांनी दिलेली १,१८,००० ची मर्यादा फक्त तुलना करणाऱ्यांना लागू आहे, चाळणीला नाही.

समजा १ लाख विद्यार्थ्यांचे ० ते १०० गुण लावायचेत. १०१ खान्यांचा ॲरे घ्या, शून्याने भरा (हे विसरलं की सी मध्ये कचरा मोजला जातो), प्रत्येक गुणाला त्या खान्यात एक वाढवा, शेवटी खाने क्रमाने रिकामे करा. हा काउंटिंग सॉर्ट. नावंही सोबत न्यायची असतील तर खान्यांची चढती बेरीज करून प्रत्येकाची जागा काढायची आणि मूळ यादी शेवटाकडून वाचायची, म्हणजे समान गुणवाल्यांचा आधीचा क्रम टिकतो.

पण चाळणीला भोकं किती पाडणार? दहा आकडी मोबाइल नंबरांना एवढे खाने परवडत नाहीत. तिथे रॅडिक्स: एककाच्या अंकावरून लावा, मग दशकाच्या, असं वर जात राहा. प्रत्येक फेरी आधीचा क्रम टिकवणारी हवी, नाहीतर आधीच्या सगळ्या फेऱ्या पाण्यात.

पिंपळगावकर · दुपारी १२:२०

डावीकडून का नाही? माणूस तर डावीकडूनच वाचतो.

निफाडची_थंडी · दुपारी १२:३३

करता येतं, पण प्रत्येक खान्याची वेगळी यादी सांभाळत आत-आत जावं लागतं. आणि नाशिक शहराचे पिन कोड घेऊन बघा, सगळे ४२२ ने सुरू. डावीकडून गेलात तर पहिल्या तीन फेऱ्यांत सगळा माल एकाच खान्यात.

सीबीएस_चौक · दुपारी १:१५

याच कारणाने गाड्यांचे नंबर लावणं आकड्यांपेक्षा महाग पडतं. इथली बहुतेक यादी एमएच १५ ने सुरू होणारी. प्रत्येक तुलनेत पहिली चार अक्षरं सारखी निघतात आणि फरक त्यानंतर सापडतो. 'एक तुलना' म्हटलं तरी प्रत्येक तुलनेचा भाव वेगळा असतो.

अवांतर: मराठी नावं लावून बघा. युनिकोडमध्ये ळ बसलाय ल आणि व च्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष तर क च्या पोटात जातो, कारण संगणकाला तो क, हलन्त आणि ष असाच दिसतो. देवनागरी आकडे मजकूर म्हणून लावले की १० हा २ च्या आधी. सॉर्टचा अल्गोरिदम अगदी बरोबर, यादी मात्र शाळेतल्या बाईंना पसंत पडणार नाही.

मिसळ_कमी_तिखट · दुपारी १:२२

ळ ला मधे घुसवल्याबद्दल णिषेध!

आडगावनाका · संध्याकाळी ६:५०

कॉपी करून पुन्हा चालवलं. इन्सर्शन अडीच कोटींच्या आसपास, मर्ज आणि क्विक तुम्ही म्हणालात तिथेच. १ लाखालाही क्विक आता बंद पडत नाही. पण आधी का पडत होता? चूक असती तर १०,००० लाही पडायला हवा होता ना?

गोदाकाठ · संध्याकाळी ७:३०

अडीच कोटी बरोबर. रँडम ॲरेत सरासरी निम्म्या जोड्या उलट्या क्रमात असतात. जोड्या पाच कोटी, उलट्या अडीच कोटी, आणि इन्सर्शन प्रत्येक उलट्या जोडीला एकदा सरकतो.

क्विकचं असं. लावलेल्या ॲरेवर रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) n इतकं खोल जातं. प्रत्येक पातळी स्टॅकवर (अशा बोलावण्यांसाठी राखलेल्या मेमरीत) काही बाइट खाते, ५० धरले तरी १ लाख पातळ्यांना ५० लाख बाइट. विंडोजवर प्रोग्रामला स्टॅक मिळतो साधारण १-२ एमबी, लिनक्सवर बहुधा ८. म्हणून १०,००० ला निभावलं, लाखाला कोसळलं. शेजारच्याच्या लिनक्सवर तेच कोड कदाचित चाललंही असतं आणि तुम्ही कंपायलरला शिव्या दिल्या असत्या.

आता चालतंय म्हणून सोडू नका, रोग तसाच आहे. पिव्हट रँडम निवडा, किंवा पहिला-मधला-शेवटचा यांतला मधल्या किमतीचा घ्या. आणि रिकर्शन फक्त लहान बाजूला करा, मोठी बाजू त्याच लूपमध्ये फिरवा. मग पिव्हट कितीही वाईट पडला तरी १ लाखाला खोली १७ च्या वर जात नाही.

आता तो चौथा ॲरे. १ लाख घटक, गुण ० ते १००. प्रत्येक गुण सुमारे ९९० वेळा येणार. साधं दोन भागांचं विभाजन सारखे घटक सगळे एकाच बाजूला ढकलतं, मग ९९० सारख्यांच्या एका गटात ४.९ लाख तुलना, असे १०१ गट, झाले पाच कोटी. यावर रँडम पिव्हटचा काही उपयोग नाही, कुठलाही उचला, तो सारखाच. औषध म्हणजे तीन भाग करायचे: लहान, समान, मोठे. समान भागाकडे पुन्हा बघायचंच नाही.

पायथॉनवाली_सिडको · रात्री ८:०५

पायथॉनवाल्यांसाठी. तिथे रिकर्शनची मर्यादा मुळात १,००० आहे, त्यामुळे लावलेल्या यादीवर क्विक दीड हजारालाच एरर देतो. मर्जमध्ये पुढचा घटक काढायला पॉप(०) लिहू नका, प्रत्येक वेळी उरलेली अख्खी यादी एक घर सरकते. इंडेक्स पुढे न्या. आणि स्वतःचा सॉर्ट आतल्या तयार सॉर्टशी लावून हरलो म्हणून रडू नका, तो सी मध्ये लिहिलाय. २००२ मध्ये टिम पीटर्स यांनी लिहिलेला टिमसॉर्ट आणि त्यात पुढे झालेल्या सुधारणा. आधीच लावलेल्या पट्ट्या शोधतो आणि त्या मर्ज करतो. लहान पट्टी सापडली तर ती वाढवायला काय वापरतो? इन्सर्शन.

जुनी_टर्बो · रात्री ८:२०

म्हणजे धागाकर्त्याचा पहिला निष्कर्ष अगदीच वाया नव्हता.

गोदाकाठ · रात्री ८:४४

नव्हताच. जीसीसीचा सी प्लस प्लसमधला तयार सॉर्टही क्विकने सुरू करतो, १६ पर्यंतचे तुकडे इन्सर्शनवर सोडतो आणि खोली हाताबाहेर गेली तर हीपकडे वळतो. डेव्हिड मसर यांची १९९७ ची कल्पना. तर इन्सर्शन नीट लिहून ठेवा:

आय = १ ते एन−१
  चावी = ॲरे[आय], जे = आय−१
  जोवर जे ≥ ० आणि ॲरे[जे] > चावी
    ॲरे[जे+१] = ॲरे[जे], जे = जे−१
  ॲरे[जे+१] = चावी

'जे ≥ ०' आधीच यायला हवं. ते विसरलात तर सी उणे एकवरचा कचरा वाचतो. पायथॉनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा घटक, त्यामुळे तो लगेच ओरडतही नाही. आणि '>' च्या जागी '≥' लिहिलंत तर आकडे बरोबर लागतील, पण समान किमतींचा आपसातला क्रम उलटेल.

तपोवन_७७ · रात्री ९:३०

अख्खा धागा वाचला. कांदे झाले, पिन कोड झाले, ळ वर अन्यायही झाला. धाग्याच्या नावातला प्रश्न तसाच पडून आहे. १ लाखाला बबलचा आकडा ५०,००० पेक्षा कमी का?

जुनी_टर्बोंनी सकाळीच उत्तर दिलंय, फक्त १६ बिटांत. १ लाखाला खऱ्या तुलना ४,९९,९९,५०,०००. ३२ बिटांच्या इंटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. काउंटर भरला, उण्यात गेला आणि पुन्हा शून्य ओलांडून वर आला. खऱ्या आकड्यातून ४,२९,४९,६७,२९६ वजा करा, ७०,४९,८२,७०४ उरतात. नेमका तुमचा आकडा. तो उणे निघाला असता तर लगेच संशय आला असता. अधिक निघाला म्हणून खपून गेला. ६५,५३६ घटकांपर्यंत काउंटर बरोबर, ६५,५३७ ला फुटतो.

आडगावनाका · रात्री ९:४८

जबरी! पण काउंटर लाँग केला, आकडा तोच येतोय.

तपोवन_७७ · रात्री ९:५५

विंडोजवर लाँगही ३२ बिटांचाच. लाँग लाँग करा.

आडगावनाका · रात्री १०:०३

लाँग लाँग केला. ७०,४९,८२,७०४.

मिसळ_कमी_तिखट · रात्री १०:०४

अजून एक लाँग लावा.

तपोवन_७७ · रात्री १०:०९

प्रिंटएफमध्ये %डी तसाच ठेवलाय का? तो खालचे ३२ बिटच छापतोय. %एलएलडी करा, आणि पुढच्या वेळी कंपाइल करताना −वॉल (इशारे दाखवणारा पर्याय) लावा, हे त्याने आधीच सांगितलं असतं.

आडगावनाका · रात्री १०:१४

४,९९,९९,५०,०००.